शाळेसमोरचं घर घ्यावं का?

प्रश्न : आम्ही रत्नागिरीत भाड्याने राहतो. यजमान मिरजोळे एमआयडीसीत नोकरीला आहेत, मी घरी शिवणकाम करते. सासूबाई आमच्याकडेच असतात. मुलगी चार वर्षांची, पहिलीला अजून दोन वर्षं. मारुती मंदिरच्या मागे वन बीएचके मिळतोय, समोरच नावाजलेली इंग्रजी माध्यमाची शाळा. तेवढ्याच पैशात कुवारबावला टू बीएचके मिळतो, पण तिथून शाळेला व्हॅन लावावी लागेल. सगळे म्हणतात, मुलीच्या शाळेचं बघ, खोल्यांचं काय एवढं. काय करू?
एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : तुला ‘तू’ म्हणते, तुझ्या वयाच्या कितीतरी मुली माझ्या वर्गात बसून गेल्या आहेत. पत्र दोनदा वाचलं. शाळेबद्दल तू एकच शब्द लिहिला आहेस, ‘नावाजलेली’. हे नाव कशावरून झालं, ते आधी शोध.

बहुतेक वेळा ते फाटकावरच्या फलकावरून झालेलं असतं. दहावीचा निकाल शंभर टक्के! मी तेहतीस वर्षं दहावीला गणित शिकवलं, त्या फलकामागचे कष्ट मला ठाऊक आहेत. पण आपलं कोकण विभागीय मंडळ २०१२ साली वेगळं झालं आणि वर्षानुवर्षं ते राज्यात पहिलं येतंय. २०२४ ला ९९.०१ टक्के, २०२५ ला ९८.८२. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली जवळजवळ सगळीच मुलं पास होत असतील, तर फलक वाचून दोन शाळांतला फरक कसा कळणार? आणि तुझी लेक दहावीला बसायला अजून बारा वर्षं आहेत.

दुसरं म्हणजे, समोर घर घेतलं की प्रवेश मिळालाच, असं धरून चालू नकोस. घरापासूनचं अंतर मोजतात ते शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्के राखीव जागांसाठी, आणि त्या जागा दुर्बल व वंचित गटांतल्या मुलांच्या. बाकीच्या जागांवर शेजाऱ्याचा हक्क नसतो. प्रवेशाची पावती हातात नसताना वीस वर्षांचं कर्ज काढायचं, हे मला पटत नाही.

कारण आम्ही तेच केलं होतं. १९९३ साली एका शाळेसाठी दीड खोली घेतली. मुलगा पहिलीत. गॅलरीतून त्याचा वर्ग दिसायचा, डबा विसरला तर मी इथूनच हाक मारायची. तो तिसरीत गेला आणि ज्या बाईंच्या जिवावर ती शाळा चालत होती त्या निवृत्त झाल्या. मागोमाग चांगल्या शिक्षिका एकेक करून गेल्या. चौथीला एकाच बाई दोन तुकड्या सांभाळत होत्या. पाचवीला त्याला गावाच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत घातलं. हप्ते मात्र २००८ पर्यंत भरले. तेवढी वर्षं माझ्या सासूबाई बाहेरच्या खोलीत, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या पायांत झोपल्या. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तुझ्या पत्रात ‘सासूबाई आमच्याकडेच असतात’ हे वाक्य आलं तिथे मी थांबले, ते यामुळे.

म्हणून माझं मन कुवारबावकडे जातं. मात्र व्हॅनच्या शाळेसाठी नव्हे. आधी तिथल्या चालण्याच्या अंतरातल्या शाळा बघ. कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असं धरलेलं आहे. तिथली पाचवी झालेली मुलं पुढे कुठे जातात, कशाने जातात, तेही विचारून ठेव.

शाळा बघायला जुलैत जा. जूनमध्ये प्रवेशोत्सव असतो, सगळ्याच शाळा फुगे लावून सजलेल्या असतात. चार दिवस पावसाने झोडपलं की शाळा कळते. प्रत्येक वर्गावर शिक्षक आहेत का? छप्पर गळतं का? मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का, पाणी आहे का? मी एका वाडीवरच्या दोन शिक्षकी शाळेत गेले होते, तिथे पडवीत दोरी बांधून रेनकोट वाळत घातलेले आणि प्रत्येकाला नावाची चिठ्ठी. पहिलीतली मुलं आपापलं नाव शोधून रेनकोट काढत होती. वाचन शिकवायची याहून चांगली रीत मी पाहिली नाही. ज्या बाईंना हे सुचलं, त्यांच्या हाती मी माझं नातवंड डोळे मिटून देईन.

मुख्याध्यापकांना विचार, पदं मंजूर किती आणि भरलेली किती. प्राथमिकला साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक हा कायद्याचा हिशेब, पण जिल्हा परिषदेच्या शाळेत बदली झाली की जागा रिकामी राहते. गेल्या तीन वर्षांचा पट विचार. उतरत असेल तर का उतरतोय, हे गावातल्या आयांना विचार, त्या खरं सांगतील. सरकार प्रत्येक शाळेला देतं तो अकरा आकडी यू-डायस क्रमांक घेतलास तर शिक्षक, वर्गखोल्या, पट हे सगळं सरकारी संकेतस्थळावरही बघता येतं.

माध्यमावरून मी वाद घालणार नाही. घरात आजी मराठीत गोष्टी सांगत असेल तर पहिली काही वर्षं त्याच भाषेत गेलेली मला बरी वाटतात, पुढे सेमी इंग्रजी आहेच. आणखी एक गोष्ट शहरातले पालक हमखास विसरतात. केंद्र सरकारच्या निवासी नवोदय विद्यालयात सहावीला किमान पंचाहत्तर टक्के जागा ग्रामीण भागासाठी असतात, आणि त्यासाठी तिसरी, चौथी, पाचवी ही तिन्ही वर्षं ग्रामीण भागातल्या शाळेत पूर्ण झालेली लागतात. तिथे शाळा कुठे आहे ते बघतात. मुलगी राहते कुवारबावला आणि शिकते शहरात, तर ती त्यात बसत नाही.

बिल्डरच्या माहितीपत्रकात ‘नियोजित शाळा’ असं छापलं असेल, तर तिच्या भरवशावर एक पैसाही जास्त देऊ नकोस.

कुवारबावची शाळा मनास आली नाही, तर दोन्ही घरं सोड आणि आणखी वर्षभर भाड्याने राहा. वेळ आहे तुझ्याकडे. आली, तर सह्या करण्याआधी एक दिवस सासूबाईंना घेऊन त्या इमारतीपासून शाळेपर्यंत चालत जा, पाऊस असताना. पुढची पाच वर्षं नातीला आणायला बहुधा त्याच जाणार आहेत. त्यांना दम कुठे लागतो, पाय कुठे घसरतो ते बघ. आणि वाटेत हातखंब्याचा हमरस्ता ओलांडावा लागत असेल, तर शाळेच्या बाजूची दुसरी इमारत शोध.