खिळा चालेल का?

प्रश्न : मी विमान चालवायला शिकतो आहे. आमची सेसना १७२ रात्री उघड्यावरच उभी असते. तिच्या कंट्रोल लॉकची, म्हणजे उभ्या विमानाचे हलते भाग वाऱ्याने फडफडू नयेत म्हणून लावायच्या कुलपाची, मूळ पिन हरवल्यापासून तिथे मोठा खिळा घालतात. काम होतं, मग हरकत काय? आणि आत लॉक असताना शेपटीला फळ्या कशाला लावायच्या?
– एक शिकाऊ वैमानिक

उत्तर : हरकत आहे, आणि मोठी आहे. खिळा वाऱ्याला दाद देणार नाही, पण तो काढायची आठवणही कुणाला करून देणार नाही. मूळ लॉक म्हणजे वाकवलेली सळई आणि तिला लाल झेंडा. सळई योकच्या (विमानाच्या स्टिअरिंगच्या) दांड्यातल्या भोकात गेली की झेंडा बरोबर इग्निशनवर येतो. किल्ली फिरवायची तर आधी तो बाजूला करावाच लागतो. पहाटेच्या अंधुक उजेडात खिळ्याचं डोकं कुणाला दिसणार?

हे शिकाऊ पोरांचंच होतं असं समजू नका. ३१ मे २०१४ ला अमेरिकेत बेडफर्डला एक गल्फस्ट्रीम जेट लॉक न काढताच धावपट्टीवर सुटलं. सातही जण गेले. तपासात निघालं की त्या वैमानिकांनी आधीच्या १७५ उड्डाणांपैकी ९८ टक्के वेळा कंट्रोलची पूर्ण तपासणी केलीच नव्हती. तेव्हा उड्डाणाआधी योक चारही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा आणि मान वळवून पंखांकडे बघा. योकवर अंगठे उभे धरलेत तर ते ज्या बाजूला कलतील, त्या बाजूचा एलरॉन (पंखाच्या मागच्या कडेची हलती झडप) वर गेलेला दिसला पाहिजे.

आता फळ्या. आतलं लॉक एलरॉन सरळ धरतं आणि एलिव्हेटर, म्हणजे शेपटीची आडवी झडप, किंचित खाली. समोरून वारा आला की शेपूट उचलली जाते, नाक दबतं आणि पंखाला उठायला वाव राहत नाही. (सीटबेल्टने योक मागे ओढून बांधणारे नेमकं याच्या उलट करतात. सेसनावर मला ते पटत नाही.) रडर, म्हणजे शेपटीची उभी झडप, मात्र या लॉकमध्ये येतच नाही. तो नाकाच्या चाकाशी स्प्रिंगने जोडलेला असतो, पण वळवाच्या वाऱ्यापुढे तेवढ्याने भागत नाही. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. रडर या स्टॉपवरून त्या स्टॉपवर आपटत राहतो, रिव्हेट सैल होतात, बिजागरीच्या ब्रॅकेटला चीर जाते. म्हणून रडरला दोन्ही बाजूंनी पकडून ठेवणाऱ्या फळ्या हव्यात, आतून फेल्ट लावलेल्या आणि लांब लाल फीत लोंबणाऱ्या.

विमान जमिनीला जखडायचा दोर पंखाखालच्या रिंगेलाच बांधा, स्ट्रटला (पंखाला आधार देणाऱ्या तिरक्या दांड्याला) नाही. सेसनाचं पुस्तक ७०० पौंड, म्हणजे साधारण ३२० किलो ताण सोसणारा दोर सांगतं.

वादळ होऊन गेलं असेल तर सकाळी रडर हाताने हलवून बघा. खडखड ऐकू आली तर उडू नका, इंजिनिअरला बोलवा. आणि नवं लॉक आजच मागवायला सांगा. ते येईपर्यंत हे विमान हँगरमध्ये घ्या, आतलं एखादं बाहेर काढा.