छतावर डिश लावून मिळणारं ‘विनापरवाना लहरीं’वरचं इंटरनेट बेकायदेशीर असतं का? गावात फायबर नाही, घ्यावं का?

बेकायदेशीर नाही. या लहरींचा 2.4 गिगाहर्ट्झचा पट्टा आपल्याकडे 2005 मध्ये परवानामुक्त झाला आणि 5 गिगाहर्ट्झचा मोठा भाग ऑक्टोबर 2018 मध्ये. घरातलं वायफाय यावरच चालतं. फक्त ठरलेली शक्ती ओलांडायची नाही. मात्र इंटरनेट विकणाऱ्याकडे दूरसंचार खात्याचा सेवा परवाना हवाच, तो आधी विचारा.

घ्यावं का, हे तुमच्या छतावरून ठरेल. वर चढा आणि इंटरनेट देणाऱ्याचा टॉवर डोळ्यांना दिसतो का बघा. नुसता दिसून भागत नाही. 5 गिगाहर्ट्झवरच्या पाच किलोमीटरच्या जोडणीत मध्यावर लहरींना डिश ते टॉवर या सरळ रेषेभोवती साधारण आठ मीटर मोकळी जागा लागते. आमच्याकडे मे महिन्यात जोडणी झकास चालली आणि पावसाळ्यात रडायला लागली. मधल्या आंब्याच्या शेंड्याची ओली पालवी आडवी येत होती. डिश दहा फूट उंच पाइपवर नेली तेव्हा कुठे सुरळीत झालं. (पावसाचा स्वतःचा त्रास या पट्ट्यात फारच कमी.)

खरी अडचण गर्दीची. हा पट्टा सगळ्यांचा, त्यामुळे शेजारच्या डिशच्या लहरींचा गोंगाट झाला तर कुणाकडे दाद मागता येत नाही. म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरू नका. महिनाभर वापरा, रात्री नऊला वेग मोजा. आणि पाइपला अर्थिंग करून घ्याच, आकाशातल्या विजेचा भरवसा नाही.