‘फ्यू’च्या डोक्यावरची टोपी

फ्रेंचमधल्या ‘अँपार्फे द्यू स्यूबझोंक्तिफ’बद्दल, म्हणजे सबजंक्टिव्हच्या (इच्छा, शंका सांगणाऱ्या क्रियापदाच्या) भूतकाळी रूपाबद्दल, इतके प्रश्न येतील असं वाटलं नव्हतं. बोलताना ज्याला कोणी हात लावत नाही, त्याची धास्ती मात्र सगळ्यांना! उत्तरांआधी उच्चारांचा एक खुलासा. शिट्टी वाजवताना आवळतो तसे ओठ आवळून ‘ई’ म्हटलं की जो फ्रेंच स्वर निघतो, तो मी इथे ‘यू’ असा लिहिते आहे.

डेल्फ बी-टू या फ्रेंचच्या परीक्षेची तयारी करतेय. क्लासच्या कोष्टकात हा काळ आहे, पण सर म्हणतात सोडून दे. सोडू का? (विद्यार्थिनी, पुणे)

बोलायला आणि लिहायला सोड. वाचायला सोडू नकोस.

जुना नियम असा: मुख्य क्रियापद वर्तमानात असेल तर पुढचा सबजंक्टिव्हही वर्तमानाचा, मुख्य क्रियापद भूतकाळात गेलं की सबजंक्टिव्हनेही मागे सरकायचं. ‘झ व्हो किल व्हिएन’ म्हणजे ‘तो यावा असं मला वाटतं’. तेच ‘वाटत होतं’ झालं की ‘झ व्हुले किल व्हँ’. आजचा फ्रेंच माणूस दुसऱ्या वाक्यातही सरळ ‘व्हिएन’च म्हणतो.

आता मराठी वाक्यांकडे बघ. ‘तो यावा असं मला वाटतं’, ‘तो यावा असं मला वाटत होतं’. आपला ‘यावा’ जागचा हलत नाही. काळ सांगायचं काम ‘वाटतं’ आणि ‘वाटत होतं’ करतात, ‘यावा’ फक्त इच्छा सांगतो. बोलली जाणारी फ्रेंच फिरून फिरून आपल्याच वळणावर आली आहे, त्यामुळे तुला हे इंग्रजी माध्यमातल्या मैत्रिणींपेक्षा सोपं जायला हवं.

आणि ही सूट काही फक्त बोलीभाषेनेच घेतलेली नाही. फ्रान्सच्या शिक्षण खात्याने 26 फेब्रुवारी 1901च्या आदेशात मुख्य वाक्यात कंडिशनल (‘आवडेल’, ‘आवडलं असतं’ छापाचं रूप) असेल तर वर्तमान सबजंक्टिव्ह चालवून घ्यायला सांगितलं, आणि 28 डिसेंबर 1976च्या आदेशाने भूतकाळानंतरही तो मान्य केला. म्हणजे परीक्षेत ‘व्हिएन’ लिहिलंस म्हणून तुला कोणी चूक म्हणू शकत नाही. सरांचं बरोबर आहे. फक्त मूळ फ्रेंचमधून कादंबरी वाचायला घेशील तेव्हा पुढचं उत्तर पुन्हा वाच.

पाठ करायला सोपी युक्ती आहे का? एवढी रूपं लक्षात राहत नाहीत. (नोकरी सांभाळून शिकणारा, नाशिक)

आहे, आणि ती मराठी माणसाला खास सोयीची आहे. आपल्याकडे ‘तू’ म्हटलं की भूतकाळाच्या शेवटी ‘स’ येतो: तू बोललास, तू आलास. फ्रेंचच्या पासे सँप्ल या लेखी भूतकाळातही ‘तू’च्या रूपाच्या शेवटी एस असतो. ‘बोलणे’ म्हणजे पार्ले, त्याचं रूप ‘त्यू पार्ला’. हा एस लिहितात, उच्चारत नाहीत. त्याला पुढे एस-ई जोडा. आता दोन एस झाले आणि मुका एस बोलायला लागला: ‘क झ पार्लास’, हे झालं ‘मी’चं रूप. ‘बोललास’शी यमक जुळतं, तेवढ्यावर लक्षात ठेवा. (विलेपार्ल्याच्या वाचकांनी हसून घ्यावं, मग पुढे जाऊ.)

सगळी रूपं अशी: पार्लास, पार्लास, पार्ला, पार्लासियों, पार्लासिए, पार्लास. पाच ठिकाणी दोन एस आहेत. फक्त ‘तो/ती’च्या रूपात एस गळतो, शेवटी टी येतो आणि आधीच्या स्वरावर टोपी चढते, तीच ती ‘सिर्कोंफ्लेक्स’. कुठलंही क्रियापद घ्या, ‘तू’चं पासे सँप्ल ठाऊक असेल तर बाकीचं आपोआप येतं. एत्र (असणे) वरून फ्यूस, आव्ह्वार (जवळ असणे) वरून यूस, फेर (करणे) वरून फिस, नेत्र (जन्मणे) वरून नाकिस, व्हनीर (येणे) वरून व्हँस. अनियमितपणा सगळा पासे सँप्लमध्ये उरकलेला असतो, इथे नवीन काही घडत नाही.

तुमच्या कोष्टकात ‘फिनीर’ (संपवणे) पाहिलंत तर वर्तमान आणि भूतकाळ दोन्ही रकान्यांत ‘फिनिस, फिनिस’ दिसेल. ती छपाईची चूक नव्हे. त्या गटातल्या क्रियापदांची सहापैकी पाच रूपं दोन्हीकडे सारखीच असतात, वेगळं पडतं ते पुन्हा ‘तो/ती’चंच: एकीकडे फिनिस, दुसरीकडे टोपीवालं फिनी.

मी फ्रेंचमधून मराठीत अनुवाद करते. एकाच पानावर ‘फ्यू’ कधी टोपीसह, कधी टोपीशिवाय दिसतं. उच्चार तोच. अर्थ बदलतो का? (अनुवादिका, ठाणे)

बदलतो, आणि तुमचा प्रश्न या सदरातला सर्वांत कामाचा आहे, कारण पुस्तकात हा काळ भेटतो तो बहुतेक वेळा तृतीयपुरुषी एकवचनातच. टोपीशिवायचं ‘इल फ्यू मालाद’ म्हणजे ‘तो आजारी पडला’. ही घडलेली गोष्ट. ‘बियाँ किल फ्यू मालाद’ यात टोपी हवी: ‘तो आजारी असूनही’. कानाला काहीच कळत नाही, काम डोळ्यांचं. डावीकडे ‘बियाँ क’ (जरी), ‘आव्हाँ क’ (आधी), ‘पूर क’ (म्हणून, यासाठी), ‘सां क’ (न होता) यांपैकी काही असलं तर टोपी असणार.

सापळा आहे तो ‘आप्रे क’चा. ‘नंतर’ म्हणजे गोष्ट घडून गेलेली, तिथे शंकेला जागा नाही, म्हणून सबजंक्टिव्ह नाही: ‘आप्रे किल फ्यू पार्ती’, तो निघून गेल्यानंतर, टोपीशिवाय. ‘आव्हाँ क’च्या सवयीने खुद्द फ्रेंच लेखक इथे टोपी चढवतात आणि ती छापूनही येते. तेव्हा ‘आप्रे क’नंतर टोपी दिसली तर तिच्यात अर्थ शोधत बसू नका.

टोपी ही गळलेल्या एसची खूण आहे. लॅटिनमधल्या ‘फुइस्सेत’चं जुन्या फ्रेंचमध्ये ‘फुस्त’ झालं, पुढे एसचा उच्चार गेला, तरी अक्षर कागदावर राहिलं. फ्रेंच अकादमीच्या कोशाच्या 1740च्या तिसऱ्या आवृत्तीने असे अनेक मुके एस काढले, आणि जागा रिकामी झाली हे सांगायला स्वरावर टोपी आली. 1990च्या शुद्धलेखन सुधारणेत आय आणि यूवरच्या बऱ्याच टोप्या ऐच्छिक झाल्या, या काळाची मात्र शाबूत ठेवली. ती काढली तर ‘पडला’ आणि ‘असूनही’ यांत फरक कसा करणार?

‘आव्ह्वार’च्या ‘यू’ या तीन अक्षरी रूपावर टोपी असेल आणि पुढे दुसरं क्रियापद असेल (‘इल यू फालू’), तर तो सबजंक्टिव्हचा पूर्ण भूतकाळ, आणि त्याला आपला ‘असता-हवं होतं’ हाच थाट शोभतो. ‘इल यू फालू पार्तीर’: ‘निघायला हवं होतं’. ‘की ल्यू क्र्यू?’: ‘कुणाला खरं वाटलं असतं?’ हेच ‘तू’ला विचारलं की ‘ल्यूस त्यू क्र्यू?’, आणि त्याच उच्चाराच्या नावाने, ल्यूस्त्यूक्र्यू, फ्रान्समध्ये पास्ता विकला जातो. म्हणजे कोणी बोलत नाही असा काळ रोज किराणा दुकानात दिसतो.

गोठलेल्या वाक्प्रचारांना व्याकरण लावू नका, मराठी वाक्प्रचारच द्या. ‘न फ्यूस क्यून अर’ म्हणजे ‘एक तास का होईना’. ‘द्यूतिल आँ मूरीर’ म्हणजे ‘जीव गेला तरी बेहत्तर’. ‘का होईना’चं व्याकरण आपण तरी कुठे विचारात घेतो!

मी शाळेत पोर्तुगीज शिकलो. तिथे ‘फोस’, ‘फालास’ रोजचं होतं. फ्रेंच ‘फ्यूस’ हे तेच का? मग फ्रेंचांनी ते का टाकलं? (निवृत्त शिक्षक, पणजी)

तेच, सर. एकाच लॅटिन रूपाची ही भावंडं. तुमच्याकडे अनेकवचनी भूतकाळाचं ‘राम’ काढून तिथे ‘स्स’ लावायला शिकवतात, फ्रेंचचा खटाटोप वर लिहिलाच आहे. पण एक सवय इथे आणू नका. पोर्तुगीजमध्ये ‘मी असतो तर’साठी ‘से एउ फोस’ म्हणतात, फ्रेंचमध्ये ‘सी’नंतर हा काळ चालत नाही, साधा अपूर्ण भूतकाळ येतो: ‘सी झेते’. ‘सी झ फ्यूस’ लिहिलंत तर तो पोर्तुगीजचा वास लगेच येतो.

फ्रेंचांनी तो का टाकला, याचं एक कारण मला वाटतं ते कानाचं. त्यांच्याकडे ‘-आस’ हा हेटाळणीचा प्रत्यय आहे: कागद म्हणजे पापिए, पण नकोशा कागदांचा ढीग म्हणजे पापरास. त्यात ‘प्यूस’ (शकणे) ऐकू येतं पिसवेसारखं आणि ‘स्यूस’ (माहीत असणे) चोखण्यासारखं. ‘खून करणे’चं ‘आसासिनासिए’ तर उच्चारताना जीभ अडखळते आणि ऐकणारा हसतो. शिवाय पासे सँप्ल बोलण्यातून गेला, मग त्याच्याच पायावर उभी असलेली ही इमारत कशी टिकणार?

ऑफिसच्या मेलमध्ये ‘झेमरे क व्हू व्हँसिए’ (तुम्ही यावं, मला आवडेल) असं लिहिलं. सहकारी दिवसभर हसत होते. चूक काय झाली? (मॉन्ट्रियल)

व्याकरणाची एकही नाही, पुस्तकी नियमाने अगदी शुद्ध. पण पुण्यातल्या ऑफिसात कोणी ‘आपण सत्वर येणेचे करावे’ असा मेल पाठवला तर तुम्ही काय कराल? ‘व्हू व्हनिए’ लिहा. पहिला आणि दुसरा पुरुष या काळात आता थट्टेसाठीच उरलेत. सहकारी हसले ते बहुधा कौतुकानेच, पुढच्या वेळी मुद्दाम लिहून बघा.

‘क्लोर’ (बंद करणे) आणि ‘त्रेर’ (दूध काढणे) यांचे रकाने कोरे आहेत. ‘आईर’वर (द्वेष करणे) टोपी नाही. माझं पुस्तक सदोष आहे का? (कोल्हापूर)

नाही. पहिल्या दोघांना पासे सँप्लच नाही, म्हणून त्यापासून बनणारी रूपंही नाहीत. तेव्हा फ्रेंचमध्ये ‘त्याने दूध काढावं अशी इच्छा होती’ हे या काळात लिहिता येत नाही, कोल्हापूरकरांनी वाईट वाटून घेऊ नये. ‘आईर’च्या आयवर आधीच दोन टिंबं बसलेली असतात, तिथे टोपी ठेवायला जागा उरत नाही.