'येतो' म्हणू नकोस

चि. बाळा, अनेक आशीर्वाद.

हंगाम संपला, कापसाच्या शेवटच्या गाठी दार-एस-सलाम बंदराला रवाना झाल्या आणि महिनाअखेरीस तू टांझानियातलं शिन्यांगा सोडतोयस, हे वाचलं. निघताना काय काय करायचं, असं तू विचारलंस. कागदांचं थोडक्यात सांगतो. एनएसएसएफचा, म्हणजे तिथल्या सामाजिक सुरक्षा निधीचा, हिशेब, पगाराच्या स्लिपा आणि अनुभवाचं पत्र तिथे असतानाच हातात घे. इथून पाठपुरावा करणं फार जड जातं.

बाकीचं मात्र सविस्तर लिहायचंय.

कापसातली सरकी काढणाऱ्या नागपूरच्या डबल रोलर जिनिंग मशिनी बसवायला मी तिथे गेलो आणि सात वर्षं राहिलो. फाटकावरचे रखवालदार तिथल्या सुकुमा जमातीचे होते, माझ्याहून वयानं मोठे. रोज सकाळी मी त्यांना स्वाहिलीत "शिकामू" म्हणायचो, ते "मराहाबा" म्हणायचे. थोरांना नमस्कार आणि त्यावर त्यांचा आशीर्वाद, तसंच ते. निघायच्या रात्री सामान गाडीत चढत होतं आणि मी घाईत त्यांना म्हणालो, "नितारुदी." परत येईन. मनात तसं काही नव्हतं. आपण घरातून निघताना "जातो" म्हणत नाही, "येतो" म्हणतो, तीच सवय तोंडातून बाहेर पडली. त्यांनी ते खरं धरलं. पुढच्या हंगामात कापसाच्या गाड्या लागल्या तेव्हा ते माझी चौकशी करत राहिले, असं तिथल्या एका फिटरनं कळवलं. मी कधीच परत गेलो नाही. ते मला अजून लागून आहे.

म्हणून, परत जाणार नसशील तर तसं सांग. त्यांच्याकडे त्यासाठी चांगला शब्द आहे, "क्वाहेरी". "क्वा" म्हणजे सह आणि "हेरी" म्हणजे शुभ, कल्याण. त्यात परतीचं वचन कुठेच नाही. तुला ते "कारिबू तेना" म्हणतील, पुन्हा या म्हणतील. ते मनापासूनचं आमंत्रण असतं. त्यावर "असांते साना" म्हणून हात जोडलेस की पुरे.

तुझ्या घरी काम करणाऱ्या बाईंना तू पत्रात "दादा" लिहितोस, ते वाचून तुझी आई गोंधळली होती. आपला दादा तिथे बहीण, आपला काका तिथे भाऊ. बाबा तेवढा दोन्हीकडे बापच. तू निघतोयस हे त्या दादाला अजून सांगितलं नसशील, तर हे पत्र बाजूला ठेव आणि आधी ते सांग. तुझी नोकरी बदलतेय, तिची जातेय. दोन-तीन महिन्यांचा पगार जास्तीचा दे, आणि ती कशी काम करते ते स्वाहिलीत लिहून खाली तुझा फोन नंबर घाल. पुढच्या घरी तिला त्या कागदाचा आधार होईल.

फ्रिज, गादी, भांडी शेवटच्या रात्री वाटत बसू नकोस. कोणाला काय, हे आठवडाभर आधी सगळ्यांसमोर बोल. मोठी वस्तू नेणाऱ्याच्या हाती सहीची चिठ्ठी दे. मालक देश सोडून गेल्यावर त्याच्यावर चोरीचा आळ आला, तर त्याची बाजू कोण घेणार?

हॉटेलातली पार्टी ऑफिस करेलच. तू मात्र एक रविवार मोकळा ठेव आणि जिनिंगमधल्या माणसांच्या घरी जा. उगाली, म्हणजे पिठाचा घट्ट गोळा, आणि मचिचा वाढतील; मचिचा म्हणजे आपल्या माठाची भाजीच. पोटभर खा. एखादी माऊली आईसाठी कांगा, म्हणजे बायका नेसतात ते छापील कापड, देईल, तर त्यावर छापलेली स्वाहिली ओळ तिच्याकडूनच वाचून घे. ती ओळ बघून निवडलेली असते.

आणि एक काम माझं. जुन्या जिनिंगच्या मागच्या वस्तीत ते रखवालदार अजून असतील, तर त्यांना भेट. आधी "शिकामू" म्हण. मग सांग, त्या भारतीय फिटरचं "क्वाहेरी" राहिलं होतं, ते त्यानं पाठवलंय.