वाचकांचे प्रश्न : अणुबॉम्ब आणि वाचलेल्या जिवांचा हिशेब

प्रश्न : आमच्या उच्च माध्यमिक विद्यालयातील वादविवाद स्पर्धेत ‘जपानवर अणुबॉम्ब टाकणे समर्थनीय होते’ या बाजूने बोललेल्या विद्यार्थ्याने पहिले पारितोषिक पटकावले. त्याचा मुद्दा एकच होता : बॉम्ब पडला नसता तर जपानवर स्वारी करावी लागली असती आणि तीत दहा लाख अमेरिकन सैनिक मेले असते. यावर कोणालाच उत्तर सुचले नाही. उत्तर आहे काय? (एक शिक्षिका, फोंडा)

उत्तर : आहे, परंतु त्याआधी आकडा तपासून घेऊ. दहा लाखांचा आकडा रूढ झाला तो युद्धकाळात अमेरिकेचे युद्धमंत्री असलेल्या हेन्री स्टिमसन यांच्या १९४७ मधील लेखामुळे, म्हणजे बॉम्ब पडून दीड वर्ष उलटल्यावर. आणि तो मृतांचा नव्हता, जखमींसह होणाऱ्या एकूण हानीचा होता. क्युशू बेटावरील स्वारीसाठी १ नोव्हेंबर १९४५ हा दिवस मुक्रर झाला होता हे खरे, आणि जपानच्या ओकिनावा बेटावरील लढाईत जे घडले ते पाहता ही स्वारी फार रक्तरंजित झाली असती याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. मात्र बॉम्ब किंवा स्वारी असे दोनच मार्ग उरले होते, हे गृहीतक तितकेसे पक्के नाही. सोव्हिएत रशियाने ८ ऑगस्टला जपानविरुद्ध युद्ध पुकारले आणि दुसऱ्याच दिवशी जपानच्या ताब्यातील मांचुरियात फौजा घुसवल्या. जपानने गुडघे टेकले ते बॉम्बमुळे की रशियामुळे, यावर इतिहासकारांचे आजही एकमत नाही. अमेरिकी सरकारनेच नेमलेल्या पाहणी मंडळाने तर १९४६ मध्ये असा अभिप्राय दिला की बॉम्ब न टाकता आणि स्वारीही न करता जपान १९४५ च्या अखेरीपर्यंत शरण आलाच असता. हा अभिप्रायही वादातीत नाही, पण परीक्षकांच्या हाती तो असायला हवा होता.

आता विद्यार्थ्याचा आकडा जसाच्या तसा मान्य करू, कारण खरा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. लक्ष्य कोणते असावे यावर विचार करणाऱ्या अंतरिम समितीची बैठक ३१ मे १९४५ रोजी झाली. तिच्या टिपणात सर्वांत इष्ट लक्ष्य म्हणून जे नोंदवले आहे ते असे : पुष्कळ कामगार असलेला, युद्धाच्या दृष्टीने महत्त्वाचा कारखाना, ज्याच्या सभोवती कामगारांची घरे दाटीवाटीने उभी आहेत. यातील ‘घरे’ वगळून वाक्य वाचून पाहावे. कारखानाच उडवायचा असता तर घरांचा उल्लेख करण्याचे कारण नव्हते. अध्यक्ष ट्रुमन यांनी २५ जुलैच्या आपल्या रोजनिशीत लक्ष्य सैनिकी असेल, स्त्रिया व मुले नव्हेत, असे लिहून ठेवले आहे; आणि हिरोशिमावर बॉम्ब पडल्यानंतर केलेल्या भाषणात त्या शहराची ओळख सैनिकी तळ अशी करून दिली. तिथे सैन्याचे मुख्यालय होते हे खोटे नाही. तथापि १९४५ संपेपर्यंत तिथे मेलेल्या सुमारे १,४०,००० माणसांपैकी बहुसंख्य सामान्य नागरिक होते. त्यांचा मृत्यू हा हल्ल्याचा अनवधानाने झालेला परिणाम नव्हता; जपानी राज्यकर्त्यांना हादरा बसावा म्हणून तो योजलेला होता. सैनिकांचे प्राण वाचवण्यासाठी मुलांचे प्राण साधन म्हणून वापरता येतात, असे ज्याला म्हणायचे असेल त्याने ते उघड म्हणावे. दहा लाखांच्या आडून ते म्हणता येत नाही.

त्या काळी लढणाऱ्यांना नागरिक आणि सैनिक यांतील भेदच उरला नव्हता, असाही बचाव केला जातो. त्याला आपल्या गोव्यातूनच उत्तर मिळते. ऑक्टोबर १९४३ मध्ये तटस्थ पोर्तुगालच्या ताब्यातील मुरगाव बंदरात अमेरिकेकडून आलेले ‘ग्रिप्सहोम’ आणि जपानकडून आलेले ‘तेइया मारू’ ही जहाजे लागली आणि दोन्ही बाजूंनी स्थानबद्ध केलेल्या हजाराहून अधिक नागरिकांची अदलाबदल झाली. ऐन युद्धात या दोन सरकारांनी याद्या केल्या, मार्ग ठरवले, जहाजांना अभय दिले. नागरिक कोण हे त्यांना नेमके ठाऊक होते. त्यानंतर दोन वर्षेही झाली नाहीत तोच हिरोशिमा घडले.

एक आक्षेप मात्र मी गंभीरपणे घेतो. मार्च १९४५ मध्ये टोकियोवर टाकलेल्या आगलाव्या बॉम्बांनी एका रात्रीत सुमारे लाखभर माणसे जाळली. मग अणुबॉम्बलाच वेगळे का काढावे? नैतिकदृष्ट्या ती रात्रही तितकीच निषेधार्ह आहे, आणि हिरोशिमाचा निर्णय घेणाऱ्यांना तो सोपा गेला याचे एक कारण तीच होय. फरक किरणोत्साराचा आहे, जो गर्भातल्या जिवालाही सोडत नाही. नागासाकीबद्दल तर वेगळा निर्णयही घेण्यात आला नाही. २५ जुलैच्या हुकुमातच पुढचे बॉम्ब तयार होतील तसे टाकण्याची मुभा होती. ९ ऑगस्टला कोकुरा शहर ढगांनी व धुराने झाकलेले होते, म्हणून विमान नागासाकीकडे वळले. पहिल्या बॉम्बचे समर्थन करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याला या दुसऱ्या बॉम्बविषयी अवश्य विचारावे.

प्रश्न : शास्त्रज्ञांना दोष देता येतो काय? त्यांनी फक्त बनवला, टाकला राजकारण्यांनी. (एक निवृत्त अभियंता, वास्को)

उत्तर : ही वाटणी मला पटत नाही, कारण ती खुद्द त्या शास्त्रज्ञांपैकी अनेकांनाही पटली नव्हती. हिटलर आधी बॉम्ब बनवील या भीतीपोटी ते कामाला लागले, आणि ती भीती रास्त होती. परंतु १९४४ च्या अखेरीस जर्मनीने तो नाद सोडल्याचे कळल्यावर भौतिकशास्त्रज्ञ जोसेफ रोटब्लाट यांनी लॉस अलामोस ही बॉम्ब बनवणारी प्रयोगशाळा सोडली. कारणच उरले नाही तर काम कशाला, इतका साधा त्यांचा तर्क होता. तो कृतीत आणणारे ते एकटेच निघाले. इतरांना कामाची ओढ लागली होती, आणि मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आल्यावरही ती ओसरली नाही. अभियंता असल्याने हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक कळेल. शिकागोतील जेम्स फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जूनमध्ये सुचवले की निर्जन जागी आधी प्रात्यक्षिक दाखवावे. ओपेनहायमर, फर्मी, लॉरेन्स आणि कॉम्प्टन या शास्त्रज्ञांच्या सल्लागार मंडळाने मात्र प्रात्यक्षिकाने युद्ध थांबणार नाही असा सल्ला दिला. तेव्हा वापराच्या निर्णयात शास्त्रज्ञांचा हात नव्हता, हे म्हणणे वस्तुस्थितीला धरून नाही.

आपल्याकडचे उदाहरण गोव्याच्या कोसबे गावी जन्मलेल्या दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे. हे थोर गणिती भारताच्या अणुकार्यक्रमाचे जनक होमी भाभा यांच्याच संस्थेत होते, आणि तिथे असूनही जागतिक शांतता चळवळीत वावरले. अणुऊर्जेवरील खर्चावर जाहीर टीका करून सौरऊर्जेची बाजू मांडत राहिले. १९६२ मध्ये त्यांचा त्या संस्थेशी संबंध संपला. त्यांची सगळीच मते मान्य करावीत असे नाही, पण नोकरी आणि विवेक एकत्र नांदवण्याची किंमत त्यांनी मोजली.

प्रश्न : ‘प्रथम वापर नाही’ हे भारताचे धोरण नैतिक आहे की केवळ सोयीचे? पर्रीकरांनी त्यावर शंका घेतली होती. (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, डिचोली)

उत्तर : मनोहर पर्रीकर यांनी नोव्हेंबर २०१६ मध्ये, संरक्षणमंत्री असताना, भारताने स्वतःला असे बांधून का घ्यावे असा सवाल केला होता आणि हे आपले वैयक्तिक मत असल्याचेही सांगितले होते, धोरण बदलले नाही. युद्धनीती म्हणून त्यांचा सवाल गैर नव्हता. परंतु पहिला वार आपण करणार नाही ही प्रतिज्ञा घाबरलेल्या शत्रूची घाई कमी करते, आणि अण्वस्त्रांच्या बाबतीत घाई हाच मोठा धोका असल्याने ती टिकवावी असे माझे मत आहे.

तरीही तिने सर्व नैतिक अडचण सुटत नाही. २००३ च्या अधिकृत निवेदनानुसार आपल्यावर अण्वस्त्र पडल्यास प्रत्युत्तर प्रचंड व असह्य हानी करणारे असेल. ही हानी ज्या शहरांवर कोसळेल तेथील रहिवाशांनी हल्ल्याचा निर्णय घेतलेला नसेल. महाभारताच्या वनपर्वात अर्जुन दिव्यास्त्रे मिळवून परततो आणि युधिष्ठिराला ती दाखवायला निघतो, तेव्हा पृथ्वी कापू लागते आणि नारद त्याला अडवतात : लक्ष्य नसताना ही अस्त्रे सोडू नयेत, आणि लक्ष्य असले तरी स्वतः संकटात सापडल्याखेरीज सोडू नयेत. अश्वत्थामा सर्वांना आठवतो, हा प्रसंग फारसा कोणी सांगत नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालय १९९६ मध्ये याच अपवादापाशी अडले. अण्वस्त्रांचा वापर सामान्यतः युद्धविषयक कायद्याच्या विरुद्ध ठरेल असे सांगून, राष्ट्राचे अस्तित्वच धोक्यात आल्यास काय, यावर मात्र निश्चित निर्णय देता येत नाही असे त्याने म्हटले. मते सात विरुद्ध सात पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने निकाल लागला. माझ्या मते अस्तित्वाचे संकटही शत्रूच्या मुलांना लक्ष्य करण्याचा अधिकार देत नाही. यावर प्रतिवाद असल्यास अवश्य पाठवावा. तो पुढील अंकात छापू.