गोंगाटातून एक आवाज वेगळा काढताना: ऐकणाऱ्या मेंदूविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न: माझ्या वडिलांचे वय ६९ आहे. घरात समोरासमोर बोलताना त्यांना सगळे नीट समजते आणि श्रवणचाचणीचा अहवालही वयाच्या मानाने चांगला आला आहे. पण लग्नाच्या हॉलमध्ये ते गप्प बसून राहतात आणि 'तुमचं लक्षच नसतं' असे त्यांना सारखे ऐकून घ्यावे लागते. दोष कानाचा आहे की लक्षाचा? (सातारा)

उत्तर: वडिलांना 'लक्ष नसतं' असे कृपया कोणी म्हणू नये, कारण बहुधा त्या हॉलमध्ये सर्वांत जास्त लक्ष देऊन ऐकण्याचा प्रयत्न तेच करत असतात. नेहमीच्या श्रवणचाचणीत शांत खोलीत एकेक शुद्ध स्वर ऐकवून तो किती हळू असला तरी कळतो, एवढेच मोजले जाते. हॉलमधले काम अगदी निराळे असते. तिथे सनई-चौघड्याची ध्वनिफीत, भांड्यांचे आवाज आणि शंभर माणसांचे बोलणे मिळून हवेच्या दाबाची एकच लहर कानाच्या पडद्यावर येते, आणि त्या एका लहरीतून समोरच्या माणसाचे बोलणे वेगळे काढण्याची जबाबदारी मेंदूवर पडते.

ही निवड मेंदू कशी करतो, हा प्रश्न ब्रिटिश संशोधक कॉलिन चेरी यांनी १९५३ मध्ये प्रयोगाने हाताळला. त्यांनी दोन कानांत दोन वेगळे मजकूर ऐकवले आणि त्यांपैकी एक ऐकता ऐकता मोठ्याने म्हणायला सांगितले. दुसऱ्या कानातला आवाज पुरुषाचा होता की बाईचा हे लोकांना सांगता आले, पण तो काय बोलत होता हे जवळजवळ कोणालाच सांगता आले नाही. पुढे २०१२ मध्ये निमा मेसगरानी आणि एडवर्ड चँग यांनी अपस्माराच्या उपचारासाठी मेंदूवर इलेक्ट्रोड बसवलेल्या रुग्णांमध्ये हीच निवड प्रत्यक्ष पाहिली: दोन माणसे एकाच वेळी बोलत असताना मेंदूच्या श्रवणभागातील हालचाल मुख्यतः ज्याच्याकडे लक्ष दिले त्याच्याच बोलण्याशी जुळत होती.

ही निवड करण्यासाठी मेंदूला धागेदोरे लागतात. एकाच क्षणी सुरू झालेले आणि एकाच मूळ कंपनाच्या पटीत असलेले ध्वनी तो एका गटात टाकतो. दिशाही तो वापरतो: एका बाजूने आलेला आवाज जवळच्या कानात आधी पोहोचतो आणि हा फरक जास्तीत जास्त सुमारे ०.७ मिलिसेकंद असतो. अनुकूल परिस्थितीत सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढा, म्हणजे १० मायक्रोसेकंदांचा फरकही आपल्याला जाणवतो. वय वाढते तसा काळाचा हा बारकावा बोथट होत जातो. कानातील श्रवणपेशी शाबूत असतानाही त्यांना श्रवणचेतेशी, म्हणजे मेंदूकडे संदेश नेणाऱ्या मज्जातंतूशी, जोडणारे सांधे झिजू शकतात. शेरॉन कुजावा आणि चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर दाखवले की, मोठ्या आवाजाच्या माऱ्यानंतर ऐकण्याची पातळी पूर्ववत झाली तरी असे अनेक सांधे कायमचे गेलेले असतात. मृत्यूनंतर तपासलेल्या मानवी कानांतही वयानुसार अशी झीज आढळली आहे. म्हणून अहवाल चांगला आणि गर्दीतले ऐकणे अवघड, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात.

श्रवणतज्ज्ञांकडे 'गोंगाटातील बोलणे' समजण्याची वेगळी चाचणी असते. ती आवर्जून मागावी. समारंभात वडिलांना स्पीकरपासून दूर, भिंतीकडे पाठ करून बसवावे आणि बोलणाऱ्याचा चेहरा उजेडात राहील असे पाहावे, कारण ओठांची हालचाल हाही मेंदूसाठी मोठा आधार असतो.

प्रश्न: रात्रभर पंख्याचा आवाज जाणवत नाही, पण वीज गेली की लगेच जाग येते. असे का? (जळगाव)

उत्तर: उकाडा हे एक कारण आहेच, पण आवाज थांबणे ही मेंदूसाठी स्वतंत्र घटना असते. एकसारखा आवाज चालू राहिला की श्रवणमार्गातील पेशींचा प्रतिसाद उतरत जातो आणि मेंदू तोच आवाज पुढेही येणार असे गृहीत धरून चालतो. हे गृहीत मोडले की प्रतिसाद उसळतो. १९७८ मध्ये फिनलंडचे रिस्टो न्याटानेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूच्या विद्युतलहरींत तो मोजला. एकाच सुराच्या मालिकेत मधेच वेगळा सूर आला, तर ऐकणारा दुसऱ्याच कामात गुंतलेला असतानाही साधारण १०० ते २५० मिलिसेकंदांत ठळक लहर उमटते.

प्रश्न: तानपुऱ्याच्या तारा पंचम आणि षड्जात लावलेल्या असतात. मग त्यातून गांधार कसा ऐकू येतो? तो भास आहे का? (मिरज)

उत्तर: तो भास नाही. मिरजेहून हा प्रश्न यावा याचा विशेष आनंद वाटला, कारण तो गांधार स्पष्ट बोलावा यासाठी तिथल्या कारागिरांनी पिढ्यानपिढ्या हात झिजवले आहेत.

खर्जाची, म्हणजे खालच्या षड्जाची, तार छेडली की मूळ कंपनासोबत त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी कंपनेही निर्माण होतात. पाचपट कंपन हाच दोन सप्तके वरचा शुद्ध गांधार होय. एरवी आपल्याला ही कंपने सुटी ऐकू येत नाहीत, कारण एका पटीत बसणारी आणि एकत्र सुरू झालेली कंपने मेंदू एकाच आवाजात विलीन करतो. गर्दीतल्या बोलण्यासाठी वर सांगितलेला नियम इथेही लागू होतो. तानपुऱ्याची जवारी, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीला दिलेली खास घडण, मात्र या एकजिनसीपणात फट पाडते. रुंद, किंचित गोलाई दिलेल्या घोडीवर तार टेकत-सुटत राहते आणि तिच्याखाली सरकवलेला दोरा हे टेकणे नेमके करतो. त्यामुळे वरची कंपने सगळी एकदम न विरता वेगवेगळ्या वेळी चढतात आणि उतरतात. जे कंपन इतरांपासून वेगळे हलते, त्याला मेंदू वेगळा स्वर म्हणून उचलतो. रियाजाने ही निवड सुलभ होते. नव्या विद्यार्थ्याला गांधार सापडत नसेल, तर गुरू आधी तो स्वर गाऊन दाखवतात. काय शोधायचे हे कळल्यावर कान तिथे पोहोचतो, हे श्रवणशास्त्रालाही पूर्ण मान्य आहे.

प्रश्न: मी प्राथमिक शिक्षिका आहे. वर्गाला पत्र्याचे छप्पर आणि उघड्या सिमेंटच्या भिंती आहेत. मी कितीही मोठ्याने बोलले तरी मागच्या मुलांना शब्द नीट कळत नाहीत. (नंदुरबार)

उत्तर: तुमचे निरीक्षण अचूक आहे, आणि मोठ्याने बोलण्याने हा प्रश्न सुटत नाही. भिंतीवरून फार लवकर, म्हणजे बोलण्याच्या बाबतीत सुमारे ३० ते ४० मिलिसेकंदांच्या आत, परत येणारा ध्वनी मेंदू मूळ आवाजातच मिसळून घेतो आणि दिशा पहिल्या लहरीवरून ठरवतो. त्यानंतर रेंगाळणारा निनाद मात्र पुढच्या अक्षरावर पसरतो. स्वरांत ऊर्जा जास्त आणि व्यंजनांत कमी असते. म्हणून आधीच्या 'आ'च्या निनादाखाली 'पान', 'तान' आणि 'कान' यांतला फरक सांगणारे पहिले व्यंजन बुडून जाते. तुम्ही आवाज चढवलात की निनादही तेवढाच चढतो. मागच्या बाकापर्यंत थेट आवाज अंतरामुळे क्षीण होऊन पोहोचतो, निनाद मात्र वर्गभर साधारण सारखाच राहतो.

मोठ्यांना अंदाजाने अर्धवट शब्द पूर्ण करता येतात. लहान मुलांपाशी तेवढा शब्दसाठा नसतो आणि गोंगाटातून बोलणे वेगळे काढण्याची क्षमता किशोरवयापर्यंत वाढत राहते. ज्यांच्या घरी भिली, पावरी किंवा अहिराणी बोलली जाते आणि वर्गात प्रमाण मराठी, त्या मुलांवर दुहेरी भार पडतो. त्यांना मंद समजले जाण्याचा धोका मला फार गंभीर वाटतो.

उपाय महाग नाहीत. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठातील एका व्याख्यानगृहात बोलणे समजेना, तेव्हा वॉलेस सॅबिन यांनी दुसऱ्या सभागृहातील खुर्च्यांच्या गाद्या तिथे रात्री आणून मांडल्या आणि निनाद किती घटतो हे मोजले. खोलीच्या ध्वनिशास्त्राचा पाया त्यातूनच घातला गेला. तुमच्या वर्गात जुन्या गोधड्या किंवा सतरंज्या मागच्या आणि बाजूच्या भिंतींवर, भिंतीपासून थोडे अंतर सोडून टांगाव्यात. छपराखाली ज्यूटच्या कापडाचे आच्छादन लावता आले तर पावसाळ्यातही थोडा फरक पडेल. बाके अर्धवर्तुळात पुढे ओढावीत, फळ्याकडे तोंड असताना बोलू नये आणि दोन वाक्यांमध्ये क्षणभर थांबावे, म्हणजे आधीचा निनाद विरायला वेळ मिळेल. फरक पडला का, हे पाहण्यासाठी आधी आणि नंतर मागच्या बाकावरील मुलांना 'पान', 'तान', 'कान' यांसारख्या, उच्चारात जवळच्या दहा-दहा शब्दांचे श्रुतलेखन द्यावे.