शेजारचे स्टेशन आत शिरत असेल तर रिसीव्ह फिल्टर कसा लावावा?

आपण लिहिले आहे की देवगडहून हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर (७ मेगाहर्ट्झच्या आसपास) सकाळच्या नेटला, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीवर जमणाऱ्या हॅम मंडळींच्या बैठकीला, बसल्यावर शेजारच्या स्टेशनचे बोलणे आत शिरते, आणि फिल्टर, म्हणजे कोणते सूर आत येऊ द्यायचे ती खिडकी, १.८ किलोहर्ट्झपर्यंत अरुंद केला तरी ते तसेच राहून, हवे ते स्टेशन मात्र पत्र्याच्या डब्यातून बोलल्यासारखे ऐकू येते. मी रत्नागिरीच्या बाजूला याच बँडवर ऐकत असतो. माझे मत असे की फिल्टर किती अरुंद करावा हा प्रश्न नंतरचा आहे. आधी त्याची खालची की वरची, कोणती कड आत घ्यायची ते ठरवावे.

४० मीटरवर आपण लोअर साइडबँडवर बोलतो, म्हणजे आवाज डायलच्या फ्रिक्वेन्सीच्या खालच्या बाजूला जातो, आणि सूर जितका उंच तितका तो डायलपासून खाली पडतो. डायल ७.१००० मेगाहर्ट्झवर आहे आणि फिल्टर ३०० ते २७०० हर्ट्झ एवढा उघडा आहे असे धरू. शेजारी ७.०९८५ वर असेल, तर त्याच्या आवाजातला प्रत्येक सूर आपल्याकडे दीड किलोहर्ट्झ वर चढून, म्हणजे १८०० हर्ट्झच्या पुढे, चिरक्या कलकलाटासारखा ऐकू येतो. १.८ चा फिल्टर साधारणपणे ६०० ते २४०० एवढा भाग ठेवतो. त्यामुळे आपल्या माणसाच्या आवाजाचा भरदार खालचा भाग विनाकारण कापला जातो आणि १८०० ते २४०० मधला शेजारी सुखरूप राहतो. त्याऐवजी खालची कड ३०० वरच ठेवून फक्त वरची कड १९०० च्या आसपास आणली, तर फिल्टर त्याहूनही अरुंद होतो, पण आवाज डब्यातला वाटत नाही. शेजारी ७.१०१५ वर असेल तर प्रकार उलटा होतो. त्याचे सूर दीड किलोहर्ट्झ उतरतात, त्याच्या आवाजाचा वरचा, मुळातच अशक्त असलेला भाग ३०० ते १२०० मध्ये घरघरत राहतो, आणि खालची कड ७०० च्या आसपास उचलली की त्यातला बराचसा जातो. आपल्या स्टेशनचा आवाज पातळ होतो खरा, पण शब्द कळतात, कारण आवाजाचा जोर खालच्या सुरांत असला तरी व्यंजने ओळखू येतात ती वरच्या सुरांमुळे. वरची कड फार खाली आणली तर ‘सात’ की ‘साठ’ हे कळेनासे होते, म्हणून तिथे हात आखडता ठेवावा.

आयकॉमच्या आयसी-७३०० या सेटवर हे काम ट्विन पीबीटीच्या (फिल्टरच्या कडा सरकवण्याच्या सोयीच्या) दोन नॉबने होते: एकच फिरवला तर एक कड आत येते, दोन्ही एकाच दिशेने सारखे फिरवले तर रुंदी तीच राहून सगळी खिडकी सरकते. याएसूच्या सेटवर शिफ्ट (खिडकी सरकवायला) आणि विड्थ (रुंदी बदलायला) असतात. केनवुडच्या अनेक सेटवर सरळ हाय कट (वरची कड) आणि लो कट (खालची कड) दिलेले असतात, आणि नवशिक्यासाठी मला तीच पद्धत सर्वांत सोपी वाटते.

मात्र हे सगळे करण्यापूर्वी प्रीअँप, म्हणजे अँटेनाकडून येणारा सिग्नल वाढवणारा भाग, बंद करावा. ७ मेगाहर्ट्झवर वातावरणाचाच गोंगाट रिसीव्हरच्या अंगच्या गोंगाटापेक्षा खूप जास्त असतो, त्यामुळे प्रीअँपने सगळेच सारखे मोठे होते, हाती काही लागत नाही. आयसी-७३०० च्या पडद्यावर ओव्हीएफ (ओव्हरफ्लो, म्हणजे सिग्नल झेपेनासा झाला) अशी अक्षरे दिसत असतील तर आरएफ गेन, म्हणजे रिसीव्हरची संवेदनशीलता, कमी करावा. डिजिटल फिल्टर या टप्प्याच्या नंतर येतो, आणि आधीच बिघडलेला सिग्नल तो सुधारू शकत नाही. नॉइज ब्लँकर (टकटकीसारखे क्षणिक आवाज कापणारी सोय) चालू राहिला आहे का तेही पाहावे, कारण जोरदार शेजाऱ्याला तो टकटक समजून कापू लागतो आणि सगळाच आवाज फाटतो. एवढे करूनही त्रास राहिला, तर बहुधा शेजाऱ्याचाच सिग्नल पसरट आहे. जे आपल्या फ्रिक्वेन्सीवरच येऊन पडते ते आपला कोणताही फिल्टर काढू शकत नाही. अशा वेळी त्याला नम्रपणे मायक्रोफोन गेन कमी करायला सांगणे किंवा नेटने थोडे सरकणे हाच उपाय आहे.

कोकणातल्या दोन गोंगाटांबद्दल फिल्टरकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. मे-जूनच्या विजांचा कडकडाट सगळ्या बँडभर पसरलेला असतो, २.४ वरून १.८ वर आल्याने असा पसरलेला गोंगाट जेमतेम सव्वा डेसिबलने, म्हणजे पाव एस-युनिटपेक्षाही (सिग्नल मीटरवरच्या एका पायरीच्या पाव भागापेक्षाही) कमी उतरतो. तिथे आरएफ गेन कमी करून एजीसी (आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी सोय) फास्ट ठेवल्याने कानाला जास्त आराम मिळतो. दुसरा गोंगाट खाऱ्या वाऱ्याने विजेच्या खांबांवरच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसला की होणाऱ्या ठिणग्यांचा, १०० हर्ट्झच्या गुरगुरीचा. नॉइज ब्लँकर खरा उपयोगी पडतो तो इथे, आणि पहिला जोराचा पाऊस थर धुऊन नेतो तेव्हा तोही बऱ्याचदा लागत नाही.

मोर्समध्ये हिशेब वेगळा आहे: २.४ किलोहर्ट्झवरून ५०० हर्ट्झवर आल्याने गोंगाट जवळपास ७ डेसिबलने उतरतो, तेव्हा तिथे बिनधास्त अरुंद करावे. याउलट एफटी८ (संगणकाने वाचायची डिजिटल पद्धत) ऐकताना फिल्टर पूर्ण ३ किलोहर्ट्झ उघडा आणि नॉइज रिडक्शन बंद ठेवावे, नाहीतर कडेची स्टेशने संगणकापर्यंत पोहोचतच नाहीत.